ठेवणीतला सदरा

नाही पण मले एक सांगा, नवा सदरा कोणी वावरात घालते का? नवा! कोरा! घडीचा! ज्याची कॉलर अजून मानेले टोचून राहिली, असा सदरा घालून कोणी झेंडू तोडाले जाते का? तुमच्या बापानं घातला होता? आज्यानं घातला होता? मंग मीच काहून घालीन? पण नाही! अमरावतीत माहं नाव, अकोल्यात माहं नाव… उत्तमरावनं विज्ञान बुडवलं म्हणे! उत्तमरावनं! म्या, ज्यानं आजपर्यंत दुसऱ्याच्या वावरातली शेंग नाही बुडवली!

सरका जरासे तिकडं. बसतो. बस येवाले येळ हाये, तवर सांगतो राजेहो, सुरुवातीपासूनच सांगतो.

आमचं वावर चांदूर रेल्वेच्या अलीकडं. झेंडू, शेवंती, थोडी वांगी. घरी मी अन् आमची मंडळी पार्बताबाई. पोरगा मनोज अमरावतीले, अन् सून आकांक्षा तिथंच कॉलेजात शिकवते. शिकवते तं शिकवते, शिकवता शिकवता स्वतः बी शिकून राहिली… पीएचडी. आता माणूस नोकरीले लागल्यावर काहून शिकते हे मले अजून समजलं नाही, पण पोरगी बम गुणाची. विषय काय तिचा? कपड्याचा कचरा! लग्नात बी या बाईनं नवा शालू घेतला नाही, आपल्या मायची जुनी साडी नेसून उभी राहिली, अन् आमची मंडळी तीन दिवस माह्याशी बोलली नाही. "त्यायच्या घरी कपड्याचा दुकाळ हाये काजी?" म्हणे. म्या काय दुकाळ पाडला होता?

म्या तिले म्हणलं, बेटा, कपड्याचा कुठी कचरा होते का? आपल्या इथी सदरा फाटला का त्याची पिशवी, पिशवी गेली का पोतेरं, पोतेरं गेलं का पंप पुसाचा बोळा, अन् बोळा गेला का चुलीत. कचरा आला कुठून? ते हासली. "बाबा, सगळे तुमच्यासारखे नसतात. शहरात लोक चार वेळा कपडा घालतात आणि फेकून देतात." चार येळा! माह्या हातचा गिलास खाली पडता पडता राहिला. चार येळा घालून तं इस्तरी बी मोडत नाही बाप्पा!

तं तिच्या अमरावतीच्या कॉलेजानं अन् अकोल्याच्या एका कॉलेजानं मिळून एक काम काढलं. जुने फेकलेले कपडे पिंजाचे, त्यात आपला वऱ्हाडातला नवा कापूस मिसळाचा, सूत काढाचं, कापड कराचं. विणाचं अकोल्यानं. अन् ते कापड किती टिकते हे पाहाचं अमरावतीनं. म्हणजे अकोल्यानं विणाचं अन् अमरावतीनं फाडाचं! याले म्हणे कोलॅबोरेशन म्हणतात. चाळीस माणसं निवडली, दोन्ही जिल्ह्यातली, सारी वावरात राबणारी. एकेकाले एक सदरा. सहा महिने, हप्त्यातून चार दिवस, वावरात घाला लागते, गोट्यावर आपटून धुवा लागते, अन् घातला का कार्डावर खूण, धुतला का खूण. सहा महिन्यानं सदरा वापस. मंग त्यायच्या मशीनमध्ये दोन्हीकडून ओढून पाहतीन, किती जीव राहिला त्यात.

सदरा काय होता म्हणून सांगू! निळसर, मधात मधात पांढरे बुंदके, नारळाच्या कवटीचे बटण, अन् मऊ किती! माह्या स्वतःच्या लग्नानंतर इतका चांगला सदरा माह्या आंगावर आला नव्हता. आकांक्षानं स्वतः घालून देल्ला. "बाबा, एकच काम करा, याची अजिबात काळजी घेऊ नका."

आता हे काय सांगणं झालं? वऱ्हाडी माणसाले नवा सदरा द्याचा अन् म्हणाचं काळजी घेऊ नका!

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी म्या तो घातला, देवाशप्पथ घातला! टोपलं उचललं, दारापाशी गेलो, तं मागून आवाज. "अवो! कुठी चालले नवरदेव?" म्हणलं वावरात. "नवा सदरा घालून? डोक्शावर परिणाम झाला का? झेंडूचा डाग जनमभर निघत नाही. काढा! आदी काढा! चार माणसात घालाले ठेवा!" खरं सांगू? मले बी बरंच वाटलं. मी बी त्याच भीतीनं दारात थांबलो होतो. काढला, घडी केली, पेटीत ठेवला. चार कोपऱ्याले चार डांबराच्या गोळ्या. आता यात तिचं काय चुकलं? माहं काय चुकलं? नवा सदरा कोणी वावरात घालते का?

राहिलं कार्ड. कार्ड मंडळीनं भरलं. तिले खुणा कराची भारी हौस, शाळेत मास्तरीण व्हाचं होतं ना तिले. बसली का एका बैठकीत महिनाभराचं भरे. घातला, घातला, धुतला, घातला, घातला, धुतला… म्या म्हणलं, अवं, एखादी येळ पावसानं खाडा दाखव. तं तिनं मधात एक दिवस "पोळा" असं लिहून सोडला.

अन् ऐतवारी आकांक्षा अन् मनोज येत. गाडीचा आवाज वळणावर आला का आमच्या घरात धावपळ! "काढा वो पेटीतला! बटण लावा! उलटं लावलं!" एकदा तं मंडळीनं माह्या मानेवर तांब्यानं पाणी शिंपडलं, घाम दिसला पायजे म्हणून. थंडीचे दिवस! मी कुडकुडून राहिलो अन् सून म्हणते, "बाबा, किती राबता हो तुम्ही!" लाज वाटली मले. खरंच वाटली. मनात ठरवलं, शेवटच्या महिन्यात घालाचा, घासून घासून घालाचा, सहा महिन्याची कसर भरून काढाची. तं शेवटच्या महिन्यात चुलत भावाच्या पोराचं लग्न निघालं धामणगावले! आता लग्न होवाच्या आदी कसा घालाचा, तुमीच सांगा? अन् लग्न झालं, तं सहा महिने बी झाले.

गेला सदरा मशीनमध्ये.

तीन दिवसानं फोन. "बाबा! तुमचा सदरा!" म्हणलं, गेलो. "बाबा, तो पहिल्या दिवसाइतकाच मजबूत आहे! एकशेचार वेळा घालून! एकावन्न वेळा धुऊन! एक धागा ढिला नाही झाला! झेंडूचा एक डाग नाही!" म्या म्हणलं, देवाची कृपा.

अन् मी एकटाच असतो तं कोणी म्हटलं असतं, काहीतरी घोळ हाये. पण चाळीसपैकी एकोणतीस सदरे रीतसर विरले होते, कोपर गेलेले, कॉलर गेलेली. अन् अकरा निघाले कोरे करकरीत! अकरा! आता विज्ञानवाल्यायचं कसं असते, एक कोरा निघाला तं म्हणतीन चूक झाली, अकरा कोरे निघाले का म्हणतीन शोध लागला!

दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून रागिणी मॅडम आमच्या आंगणात हजर. मोठ्या प्राध्यापक, कापड त्यायनंच विणलेलं, बोलणं एकदम पुस्तकी. "उत्तमरावजी, या अकराही जणांमध्ये काहीतरी समान आहे. सगळे पन्नाशीच्या पुढचे. सगळ्यांच्या घरी विहीर. आम्हाला वाटतं, रहस्य पाण्यात आहे!" विहिरीचं पाणी नेलं चार बाटल्या. वावरातली माती नेली. मंग म्हणते, "आपला घाम मिळेल का?" मी म्हणलं, आत्ता? "आपण साधारण घाम कसा गाळता?" म्हणलं, मॅडम, तो आपोआपच येते. तं त्यायनं कापसाची काडी काढली, अन् राजेहो, मनोजच्या मायच्या समोर, दोन शेजाऱ्यायच्या समोर, माह्या बगलेत फिरवून डबीत बंद केली! त्या डबीवर चिठ्ठी चिटकवली, उत्तमराव, डावी बगल!

मंग मंडळीची पाळी. "ताई, आपण कपडा धुताना दगडावर साधारण किती वेळा आपटता?" मंडळी म्हणते, "ते राग कोणावर हाये त्याच्यावर हाये." मॅडमनं तेही लिहून घेतलं!

मले हासू येऊन राहिलं होतं अन् रडू बी. कारण आकांक्षा कोपऱ्यात उभी राहून सारं पाहे, अन् तिचं तोंड असं फुललेलं… जाताना माह्या पाया पडली. "बाबा, या अकरा सदऱ्यांवर मी अख्खं प्रकरण लिहितेय. पुढच्या महिन्यात अकोल्याला मोठी बैठक आहे. तिथं हे सगळ्यांना पटलं की माझी पीएचडी झालीच समजा. तीन वर्षं झाली हो बाबा." तीन वर्षं! अन् तीन वर्षाची मेहनत टेकली कशावर? माह्या पेटीवर! त्या दिवसापासून मले भाकर गोड लागे ना. लेकराले फसवलं, हेच डोक्शात. पण म्हणाचं तरी कसं? सुनेले कोणत्या तोंडानं सांगाचं का, बाई, तुहा सासरा मानेवर पाणी शिंपडून घेत होता? अन् नवा सदरा कोणी वावरात घालते का, हे तिले समजन का?

अकोल्याले निघालो गाडीनं. मशीनमध्ये बी फाटला नव्हता, म्हणून सदरा तिनं वापस देल्ला होता, तोच घालून या म्हणे. बडनेऱ्याच्या पुढं गेल्यावर म्या हिंमत केली. "बेटा, एक सांगाचं हाये." "माहीत आहे बाबा, तुम्हाला स्टेजची भीती वाटते ना?" झालं! मूर्तिजापूरले चहा पेताना परत तोंड उघडलं, तं मंडळीनं असा चिमटा घेतला का चहा सांडता सांडता वाचला. सदऱ्यावर! "गप बसा," कानात म्हणते, "पोरीचं भलं होऊन राहिलं तं तुमाले काहून खुपून राहिलं?"

हॉल भरलेला. मागं पोरंपोरी, मधात प्राध्यापक, अन् पयल्या रांगेत आमी अकरा. अकरा माणसं, अकरा निळसर सदरे, प्रत्येकाच्या छातीवर उभी एक अन् आडवी एक घडी… अन् वास! राजेहो, काय तो वास! साऱ्या रांगेत डांबराच्या गोळ्यायचा घमघमाट! म्या बाजूच्या माणसाकडं नाक नेलं. त्यानं माह्याकडं नाक आणलं. खुशालराव नाव त्याचं, अकोल्याच्या पलीकडचा, कापूसवाला. दोघंही समोरच पाहून राहिलो. मंग तो हळूच म्हणते, "किती टाकल्या?" म्हणलं, चार. "म्या सहा."

अन् स्टेजवर रागिणी मॅडम माईकवर! "या अकरा सदऱ्यांना एक विशिष्ट गंधही प्राप्त झाला आहे. तो विहिरीच्या पाण्यातून येतो की मातीतून, यावर स्वतंत्र संशोधन सुरू आहे!" टाळ्या! खुशालरावनं मान खाली घातली, म्या बी घातली.

तरी मी गप बसलो असतो. खरं सांगतो, बसलो असतो. पण एक जण उठला, गिरणीवाला, मोठा माणूस. तो म्हणते, "हे आकडे खरे असतील तर आम्ही या कापडाचे दहा हजार सदरे काढू, शेतात काम करणाऱ्यांसाठी. सौ. आकांक्षा यांच्या नावानं!" अन् माह्या आंगावर काटा आला. दहा हजार माणसं ते सदरे घालतीन. साऱ्यायच्या घरी आमची पार्बताबाई थोडीच हाये? काही लोक खरंच वावरात घालतीन! सहा महिन्यात कोपर जाईन, कॉलर जाईन, अन् दहा हजार तोंडं शिव्या कोणाले देतीन? माह्या सुनेले!

तेवढ्यात माहं नाव पुकारलं. स्टेजवर मोठा गोटा, बादली, साबण… मंडळीनं धुऊन दाखवाचं अन् म्या बोलाचं. आकांक्षा समोर हात जोडून बसलेली, देवापुढं बसते तशी. म्या माईक धरला. तोंडातून निघालं ते एकच, "मले सांगा, नवा सदरा कोणी वावरात घालते का?"

टाळ्या! त्यायले वाटलं भाषणाची सुरुवात हाये!

"टाळ्या नोका वाजवू," म्या म्हणलं. "म्या नाही घातला. सहा महिने पेटीत होता. पाण्यात काही नाही, मातीत काही नाही, अन् माह्या बगलेत तं काहीच नाही. वास हाये तो गोळ्यायचा. पोरीची चूक नाही. तिनं खरं काम केलं, खोटं म्या केलं. लिहाचं तं माहं नाव लिहा."

मंडळी बादलीपाशी तशीच उभी, तोंडाले पदर. अन् मंग पयल्या रांगेत खुर्ची वाजली. खुशालराव उभा! "म्या बी नाही घातला." मंग त्याच्या बाजूचा. मंग पलीकडचा. एकजण म्हणे, पोराच्या सोयरिकीले ठेवला होता. एकजण म्हणे, मेल्यावर आंगावर घाला असं घरच्यायले सांगून ठेवलं होतं! अकराच्या अकरा उभे!

रागिणी मॅडम मटकन खाली बसल्या. हातात त्यायची ती डबी होती, डावी बगल, ते त्यायनं हळूच टेबलावर ठेवून देल्ली.

अन् आकांक्षा… पांढरीफटक. म्या तिच्याकडं पाहू शकलो नाही. ते उठली, स्टेजवर आली, माह्या हातातला माईक घेतला. म्हणलं, आता साऱ्यायच्या समोर काढते माही लाज. पण ते एवढंच म्हणली, आवाज फाटलेला, "बाबा… मग सहा महिने वावरात तुम्ही घातलं काय?"

म्हणलं, तोच. जुना.

"किती जुना?"

म्या मंडळीकडं पाहिलं. मंडळी म्हणते, "मनोज बारावीत गेला तवाचा. तेरा वर्षं झाले."

"कुठं आहे तो?"

आता तो कुठी असन? पिशवीत होता! वापस जाताना गाडीत कोणी नवा घालून बसते का? म्या पिशवीतून काढला, टेबलावर टाकला. अन् राजेहो, मले वाटलं लाज जाईन, पण झालं भलतंच! एक प्राध्यापक उठला, दुसरा उठला, मोबाईलच्या बत्त्या पेटवल्या, वाकून वाकून पाहून राहिले! "ही कॉलर उलटवलेली आहे!" हाव, मंडळीनं उलटवली, विरलेली बाजू आत. "बाह्या अर्ध्या का?" कापल्या ना, कापलेल्या तुकड्यायचं पाठीले थिगळ लावलं. "इथं धागा वेगळा दिसतो." तो गहू भरलेल्या पोत्याच्या शिवणीचा हाये, तुटत नाही. माईक कवाच मंडळीच्या हातात गेला होता! अन् मंडळी बोलून राहिली! जिनं चार माणसात कधी तोंड उघडलं नाही ते बाई बोलून राहिली, "थिगळ लावाच्या आदी कापड दोनदा धुवून घ्या लागते, नाहीतं ते आटते अन् जुन्याले ओढते," अन् मोठमोठे लोक माना डोलवून लिहून राहिले! खुशालराव मागून ओरडते, "माहा सोळा वर्षाचा हाये!"

आकांक्षा हासत होती का रडत होती, समजे ना. खाली उतरल्यावर माह्यापाशी आली. "बाबा, आज बोलला नसता तर माझं सगळं खोट्यावर उभं राहिलं असतं. दोन वर्षांनी तोंड दाखवायला जागा राहिली नसती." ते अकरा सदरे तिनं खोडले. एकोणतीसचं खरं ते ठेवलं. पीएचडी एक वर्ष मागं गेली बिचारीची, अन् त्या एका वर्षात आता ते शिकून राहिली का तेरा वर्षाचा सदरा जगते कसा. मले वाटलं होतं, माह्याशी बोलणार नाही. ते उलट दर ऐतवारी येते, माही पेटी उघडते, अन् एकेक काढून मोजते. मंडळीची बारा पातळं अजून घडीचीच निघाली!

आता तुमी म्हणसान, मंग उत्तमराव, सारं भलं झालं, तं कुरकुर कशाची करून राहिले?

कशाची? माहा तेरा वर्षाचा सदरा त्यायनं ठेवून घेतला! पंधरा दिवसानं विचारलं, म्हणलं कसा हाये? तं रागिणी मॅडम म्हणते, "अप्रतिम! मशीनवर फाडला. शेवटपर्यंत झुंजला!" फाडला! जित्ता सदरा! अन् घरी सुनेचा हुकूम, आता नवाच घाला लागते, रोज, वावरात. घालून राहिलो. घातला का पयल्याच दिवशी झेंडूचा डाग! निघाला नाही!

अन् मंडळी? मंडळी आता दर मंगळवारी अकोल्याले जाते. कॉलेजातल्या पोरीयले कॉलर उलटवाले शिकवते. गळ्यात फीत, फितीले पाटी, पाटीवर फोटो, खाली लिहिलं हाये, तज्ज्ञ मार्गदर्शक! तिचीच बस पाहून राहिलो ना इथी बसून. शुक्रवारी माह्या या सदऱ्याची शिवण उसवली, हे पहा, बगलेत, त्याच डाव्या. म्हणलं, पार्बता, दोन टाके मार. तं म्हणते, "अवो, मले मंगळवारच्या तासाची तयारी कराची हाये. एवढ्याल्या पोरी शिकून राहिल्या, तुमी बी शिका की!"

चार दिवस झाले राजेहो, सुई-दोरा खिशात घेऊन फिरून राहिलो. तुमच्यात कोणाची नजर चांगली हाये? हे घ्या सुई, अन् हा दोरा… नाही नाही, शिवू नोका, शिवतो मी. नुसता ओवून द्या.